पुलाच्या पोटातला मिथुन

थाप म्हणा हवं तर. वडशाकडच्या त्या पोलादी पुलाचा गर्डर म्हणजे लांबलचक पोकळ पेटी. भर दुपारी मिथुन तपासणीला आत शिरला. तो आतून हातोडी ठोकायचा, झाकणाशी बसलेला देवाजी बाहेरून. माणूस शाबूत असल्याची तीच खूण.

मिथुन घामेजून बाहेर आला. "झालं, भाऊ. लावा झाकण."

देवाजी नट आवळू लागला, तशी आतून ठकठक झाली.

"भाऊ, झाकण काऊन लावून राह्यले? मी आतच आहो."

आवाज मिथुनचाच. देवाजीनं वळून पाहिलं. मिथुन समोरच उभा होता.

"ऐकू नका. आवळा."

डोळ्यांवर नाही तर कशावर भरवसा ठेवायचा? त्यानं शेवटचा नट आवळला. आतून रडणं ऐकू आलं, मग तेही हळूहळू थांबलं.

"भाऊ," मिथुन म्हणाला, "आता मले घरी नेऊन द्या. माहं घर कुठी हाये, मले मालूम नाई."