पहिली फोड

तापातून उठल्यापासून सासूबाईंनी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणं सोडलं होतं. मी म्हटलं, चला, आजारपणानं माणूस मऊ तरी होतं.

आज शेजारच्या मळ्यातून हंगामाचा पहिला दुधी आला. कडू दुधी पोटात गेला तर जिवावर बेततं, म्हणून आमच्याकडे पहिली फोड कच्चीच चाखून बघतात, आणि तो मान सासूबाईंचा. फोड चावत त्या म्हणाल्या, "गोड आहे गं, टाक फोडणीला."

गोळी घ्यायची म्हणून त्या आधी जेवायला बसल्या. मागून हे आले, आणि पहिलाच घास थुंकून ओरडले, "अगं, कडूजहर आहे ही भाजी! आईला वाढू नकोस!"

 

सासूबाईंची वाटी दुसऱ्यांदा रिकामी झाली होती.