डाव्या हाताची बोटं

"सर, अमृत उद्या मिल्ट्रीच्या भरतीला जायचा न्हाय," उत्कर्षा म्हणाली. ती अमृतच्याच वर्गातली, त्याच्याच गावची. "त्यांच्या कडबाकुट्टीच्या मशिनीत बोटं गेली."

एकनाथ सरांनी खडू खाली ठेवला. "कुठल्या हाताची?"

"डाव्या."

सरांना आपलाच एक तास आठवला. सोलापूरच्या कॉलेजात इतिहासाच्या तासाला पोरं जागी राहावीत म्हणून ते जरा तिखटमीठ लावूनच शिकवायचे. गेल्या आठवड्यात रोमचं प्रजासत्ताक शिकवून झालं होतं. तिथे शेतकरीच शिपाई. तो वर्षानुवर्षं लढाईवर, मागे रान पडीक. एकाने तर युद्धावर जायचं टाळायला डाव्या हाताची बोटं कापून घेतली. सरकारने त्याचं घरदार जप्त केलं आणि त्याला जन्मभर कैदेत टाकलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरतानाच अमृतने विचारलं होतं, "सर, डाव्याच हाताची का?"

"उजव्याने कोयता धरायला नको का?" सर म्हणाले होते, आणि सगळा वर्ग हसला होता.

मोटारसायकलवरून अमृतचं गाव, मंद्रूप, गाठेपर्यंत ते हसणं त्यांच्या कानातून गेलं नाही. दोन वर्षं रोज पहाटे सोळाशे मीटर धावलेला पोरगा. लेखी परीक्षा पास झालेला. उरली होती ती फक्त उद्याची मैदानी चाचणी. ऐन वेळी पोरगं घाबरलं, आणि वाट दाखवली ती आपणच. सरांना स्वतःची लाज वाटली.

अमृतचे वडील कुंडलिक घोंगडं पांघरून ओसरीवर बसले होते.

"या सर. कशाला एवढा तरास घेतला?"

"अमृत कुठाय?"

"हाय की. येईल."

तोंड चुकवत असेल, सरांना वाटलं. अमृतच्या आईने, दगडाबाईने, चहा आणून ठेवला. तिचे डोळे सुजले होते. कुंडलिकनी चहा बशीत ओतला नाही, कपातच निवू दिला.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"दोन गेली. बाकी हात चालंल म्हणं."

"चूक माझी आहे, कुंडलिकराव. वर्गात मी नको ते बोलून गेलो. त्याला रागावू नका."

"त्याला कशाला रागवू? लई गुणाचं पोरगं हाय. एकुलतं एक."

तेवढ्यात परड्यातून अमृत आला. डोक्यावर कडब्याचा भारा, दोन्ही हातांनी धरलेला. सर त्याची बोटं मोजत राहिले. दहाच्या दहा होती.

"मी न्हाय जात सर उद्या," तो खाली बघत म्हणाला. "अण्णांचा हात असा झाल्यावर रान कोण बघणार?" आणि भारा घेऊन गोठ्याकडे गेला.

कुंडलिकनी घोंगड्यातून डावा हात काढून मांडीवर ठेवला. पट्टी मनगटापर्यंत होती.

"सर," गोठ्याकडे बघत कुंडलिकनी हळूच विचारलं, "अमृतनं सांगितलेल्या त्या रोमवाल्याचा पोरगा मग घरीच ऱ्हायला असंल, न्हवं?"