भाताची रात्र

आण्णाने भाताची एक काडी उपटली, नखाने उभी चिरली आणि डोळ्यांजवळ धरली. आत लोंबी नव्हती. नुसतं पान आणि पाणी. दसरा होऊन गेला तरी घरापुढचं खाचर गवतासारखं हिरवं उभं होतं. पलीकडच्या खाचरात तेच बी होतं, तीच लावणी, तोच युरिया. तिथल्या लोंब्या भरून वाकायला लागल्या होत्या.

चामटोलीत आण्णाची आता एवढी दोनच खाचरं उरली होती. बाकीची भाऊवाटणीत आणि बिल्डिंगींत गेली. त्यातलं घरापुढचं मोठं. वर्षाचा तांदूळ त्यातून निघायचा.

महिनाभर तो या भाताशी झगडत होता. औषध मारलं. पाणी काढलं, परत भरलं. बदलापूरच्या दुकानात जाऊन बियाणंवाल्याशी भांडला. दुकानदार वजनकाट्यावरून नजर न उचलता म्हणाला, "बियाण्यात खोट आहे म्हणता, मग दुसऱ्या खाचरात लोंब्या कशा निसवल्या?" आण्णा सगळ्या वाटेने स्वतःवरच चरफडत आला.

त्याची बायको राजाबाई ओट्यावर बसून वाल सोलत होती. ती म्हणाली, "अवो, रोज आत शिरून एकेक काडी काय चिरताय. जरा इथं येऊन बघा. हिरवं कसं गोल हाय."

आण्णा ओट्यावर चढला. खरंच होतं. दूरच्या कोपऱ्यांत लोंब्या आल्या होत्या. हिरवं राहिलं होतं ते अर्ध्या भाकरीच्या आकाराचं, कुणी मापून कापल्यासारखं. आणि भाकरीच्या सरळ कडेवर, मधोमध, बांधावर सोलरच्या दिव्याचा खांब उभा होता.

"भाताला पण रात्र लागते," राजाबाई म्हणाली. "तुमच्या डोळ्यांवर कुणी रातभर बत्ती धरली तर तुम्ही निजाल?"

तो दिवा आण्णानेच आणला होता.

मागल्या पावसाळ्यात बांधालगतच्या वाटेच्या वळणावर अंधारात दोघांनी वेणूच्या पुढे मोटरसायकल आडवी घातली होती. वेणू शेजारच्या पाड्यावरची. अंबरनाथ एमआयडीसीत पॅकिंगला जायची. ती धावत सुटली म्हणून वाचली. दुसऱ्या दिवसापासून तिने कामावर जाणं सोडलं. आण्णाची सून शलाका त्याच कंपनीत. तीही सोडते म्हणाली, पण जात राहिली. तेव्हापासून आण्णाने पंचायतीचा उंबरा झिजवला. दिवा मंजूर झाला तर खांबाला जागा कुणी देईना. मग आण्णानेच आपला बांध दाखवला.

यंदा श्रावणात दिवा लागला त्या दिवशी बसवणाऱ्या साहेबाने छोटं भाषणही केलं. आपल्या किनारपट्टीला ऊन आहे, वारा आहे, खाडीची भरती-ओहोटी आहे, उद्या या सगळ्यांतून वीज काढू, असं तो म्हणाला. "आणि ऊन तर काय, फुकट," असंही म्हणाला. आण्णाने सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या होत्या.

आता त्याने त्याच साहेबाला फोन लावला. "बंद करायचं बटण कुठं हाय?"

"बटण नसतं, आण्णा. ऑटोमॅटिक आहे. अंधार पडला की लागतो, उजाडलं की विझतो." साहेब हसला. "वर्षभर दिवा दिवा करून डोकं खाल्लंत, आता बंद करा म्हणता?"

आण्णाने फोन ठेवला. फुकट म्हणे. जमिनीत ओल आहे तोवर भाताला थोड्या काळोख्या रात्री मिळाल्या तर अजून निसवेल, असं राजाबाई म्हणत होती. ओल काही थांबणार नव्हती.

संध्याकाळी त्याने मंडपवाल्याची शिडी मागून आणली आणि युरियाची रिकामी गोणी खांद्यावर टाकली. दिव्याला गोणी घालायची, सुतळीने आवळायची. शलाका यायच्या आत उरकायचं. तिला काय सांगायचं ते नंतर बघू. पण शिडी खांबाला नीट टेकेना. बांध भुसभुशीत होता. दोनदा घसरली. आण्णा खांबाला शिव्या देत वर पोचला तोवर दिवा लागला होता. किडे तोंडावर आदळायला लागले.

त्याने गोणीचं तोंड उघडलं, आणि त्याला वाटेवर माणसं दिसली.

वळणापलीकडून मोबाइलचे उजेड हलत येत होते. रिक्षातून उतरलेल्या बाया. कुणी बोलत नव्हतं. चपलांचा तेवढा आवाज, तोही घाईचा. उजेडाच्या कडेला त्या पोचल्या आणि एकेक मोबाइल विझला. चाल मंदावली. एकीने डबा या हातातून त्या हातात घेतला. दुसरी काही बोलली. मग कुणीतरी मोकळं, पोट धरून हसलं. तो हसण्याचा आवाज आण्णाच्या ओळखीचा होता, शलाकाचा. वर्षभर ऐकला नव्हता, एवढंच.

"आण्णा, दिवा चोरताय काय?" खालून वेणूने विचारलं. बाकीच्या खिदळल्या.

"तू कधीपासून जातेस कामाला?"

"ह्या सोमवारपासून. घरचे नाय म्हणत होते. मी म्हटलं, आता आण्णांचा दिवा हाय."

शलाका पुढे आली. तिने दोन्ही हातांनी शिडी धरली. "आण्णा, उतरा बघू. वर काय करताय?"

आण्णाने गोणीकडे पाहिलं. मग खाली, हिरव्या भाताकडे.

"किडं बसल्यात काचेवर," तो म्हणाला. "पुसतोय."

आणि त्याने खरंच पुसली. गोणीची घडी करून, कोपऱ्याकोपऱ्यातून, नीट वेळ घेऊन. मेलेले किडे झरझर खाली पडले. दिवा लख्ख झाला, आणि उजेड आणखी चार हात पुढे, भातात गेला.