आतली कडी

चमकणारे जिवाणू अंधारातच दिसतात. म्हणून दीपमालाने अमरावतीच्या प्रयोगशाळेतल्या त्या छोट्या खोलीची कडी आतून घातली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काचेवर किडनीचा पापुद्रा होता. भाऊ अनुपला तिने आपली किडनी दिली, तेव्हा काढून ठेवलेला.

जिवाणूंना चिकटणारा रंग हिरवा चमकला. ठिपके बरेच होते. पण मेणात बसवलेल्या, कधीच मेलेल्या त्या पापुद्र्यात ते सरकत होते. सगळे एकाच कडेला, दाराच्या बाजूला.

अकोल्याहून अनुपचा फोन आला.

"ताई, माह्या पोटात आता कडी घातल्यावानी आवाज आला. तुह्या किडनीतून."

"काहीबी नको बोलू," म्हणत ती फोन कानाला धरूनच दाराकडे गेली. कडी निघेना. तिने ती जिवाच्या आकांताने हलवली.

"हे आयक! लय जोरात वाजून राहिली."

तिने हात मागे घेतला.

"थांबली."

दीपमालाने तोंडावर हात घट्ट दाबला. डोळे वाहत होते, पण हुंदका तिने बाहेर पडू दिला नाही.

"ताई," अनुप हळूच म्हणाला, "आत कोणी बाई रडून राहिली."