न दुखणारा पाय

मोजा निघेना. रोज फिरून आल्यावर तो खुर्चीत बसून एका झटक्यात मोजे काढायचा, पण आज उजवा मोजा तळपायाला धरून बसला होता. घामाने चिकटला असेल, असं तो म्हणाला. बायको खाली बसली, तिने मोजा हळूहळू सोलला, आणि डोळ्यांच्या आधी तिच्या नाकाला कळलं.

अंगठ्याच्या मागे, तळव्याच्या गादीत, बोटाचं पेर मावेल एवढी जखम होती. कडा पांढऱ्याफटक, आत काळं. तिने बूट उचलून आत हात घातला आणि पटकन बाहेर काढला. रस्त्यावरचा कुठलातरी खिळा तळ फोडून आत आला होता. त्याचं टोक घासून घासून चकचकीत झालं होतं.

"हे टोचत नव्हतं तुम्हाला?"

"काय?"

तिने त्याचं बोट धरून त्या टोकावर ठेवलं. त्याने बोट झटकन मागे घेतलं. बोटाला लागलं होतं.

चौतीस वर्षं त्याने कारखान्यात क्रेन चालवली, म्हणजे चौतीस वर्षं बसून काढली. पंचेचाळिशीत साखर निघाली तेव्हापासून बायको कानीकपाळी ओरडत होती, आणि पालथ्या घड्यावर पाणी पडत होतं. एकसष्टाव्या वर्षी त्याला कशी उपरती झाली कुणास ठाऊक. 'वरातीमागून घोडं' असं स्वतःच म्हणत त्याने बूट विकत आणले. चहातली साखर सुटली, ताट निम्म्यावर आलं. सव्वा वर्ष, रोज सकाळी सहा किलोमीटर, एक दिवस चुकला नाही. साखरेची तीन महिन्यांची सरासरी अकरावरून सव्वासहावर आली. शेजारपाजारचे सल्ला विचारायला यायला लागले. त्यांना तो पाय पुढे करून दाखवायचा, म्हणायचा, एवढं चालतो पण एक फोड नाही, पाय नशीबवान आहेत.

दुपारी इस्पितळात एका तरुण सर्जनबाईंनी त्याला डोळे मिटायला सांगितले. नायलॉनच्या दोऱ्यासारखी एक बारीक काडी त्या त्याच्या पावलाला लावणार होत्या. लागली की 'हो' म्हणायचं. त्यांनी अंगठ्याला लावली, तळव्याला लावली, टाचेला लावली, मग दुसऱ्या पायालाही सगळीकडे लावून काडी ट्रेमध्ये ठेवली.

"करा सुरू, डॉक्टर," तो डोळे मिटूनच म्हणाला.

बायकोने तोंड भिंतीकडे वळवलं.

एक्स-रे आल्यावर डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. जखम हाडापर्यंत गेली होती, बोटं वाचणार नव्हती. अर्धं पाऊल काढलं तर उरलेला पाय राहील. त्यावर त्याने खिशातून घडी केलेला साखरेचा रिपोर्ट काढला आणि त्यांच्यापुढे धरला. काहीतरी चूक होत असणार, एवढंच त्याचं म्हणणं होतं. ज्याची साखर अशी आहे त्याचा पाय कसा जाईल? डॉक्टरांनी रिपोर्ट घाई न करता वाचला. पाय रोज बघायला, बूट घालण्याआधी आतून चाचपायला कुणी सांगितलं नव्हतं का, असं त्यांनी विचारलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चाला, असं मात्र सगळ्यांनी सांगितलं होतं.

"काका, तुम्ही केलंत ते फार थोड्यांना जमतं," डॉक्टर म्हणाल्या. "फक्त दहा वर्षं आधी करायला हवं होतं. साखर खाली येते, पण मेलेल्या नसा परत येत नाहीत."

हे वाक्य कुणीतरी त्याच्या तोंडावर बोलावं म्हणून बायको किती वर्षं थांबली होती. आता ते कुणीतरी बोललं, तर तिला वाटलं, त्याचे कान झाकावेत.

वॉर्डात त्याला खिडकीजवळची कॉट मिळाली. पाय उशीवर ठेवून तो पडून राहिला आणि ती उशाशी स्टुलावर बसली. तिच्या मनात गेल्या मंगळवारची सकाळ होती. पाय जरा जड वाटतोय, आज राहू दे, असं तो म्हणाला होता. आणि तिने, एक दिवस चुकला की चुकतच जातं असं म्हणत, बूट स्वतः आणून त्याच्या पुढ्यात ठेवले होते. नाडीसुद्धा तिनेच बांधली होती.

"अहो," ती म्हणाली, "मंगळवारी मी…"

"तू नसतीस तर मी बसूनच मेलो असतो," तो छताकडे बघत म्हणाला. तिला काय म्हणायचं होतं ते त्याला कळलं होतं की नाही, हे तिला कळलं नाही. तिने त्याच्या पायाखालची उशी सारखी केली.

संध्याकाळी सिस्टर आल्या. त्याचं बोट टोचून त्यांनी थेंब पट्टीवर घेतला आणि यंत्राकडे बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. या वॉर्डात असा आकडा महिनोन्महिने दिसत नाही, त्या म्हणाल्या. अशी साखर असली की जखमही लवकर भरते.

"आता ऑपरेशनला काही अडचण नाही, काका. उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा."

तो बायकोकडे वळला.

"ऐकलंस?" तो म्हणाला. "पहिला नंबर आला."

शेजारच्या कॉटवरचा म्हातारा हसला. सिस्टरही हसल्या. तो तिच्याकडेच बघत होता, म्हणून तीही हसली, आणि त्याने मान फिरवेपर्यंत हसत राहिली.