करदोडा

फुलंब्रीच्या सरूबाईची नात आणि म्हशीची वगार एकाच आठवड्यात जन्मल्या. जुनं दावं वगारीच्या गळ्याला काचायला लागलं, म्हणून सरूबाईनं आज ते सोडून लांब, नवं दावं बांधलं. “लई भरलीय. दृष्ट लागंल कुणाची,” ती पाठीवरून हात फिरवत म्हणाली. मग नातीसाठी अंगणवाडीतून आलेलं खाऊचं पाकीट फोडून तिनं नेहमीसारखं वगारीच्या घमेल्यात ओतलं. “आत्याबाई, ते पोरीचं हाय,” सून हळूच म्हणाली. “पोरगी खाती कुठं? वगार मोठी झाली की दूध देईल.” दूध तर आजही होतं, ते पहाटेच संभाजीनगरला जायचं. तेवढ्यात नात भिंत धरून उठली, तसा जावळाच्या वेळी बांधलेला काळा करदोडा कमरेवरून घसरून गुडघ्याशी आला. सरूबाईनं तो वर ओढला आणि पुन्हा घसरू नये म्हणून गाठ मारून घट्ट आवळला.