सोळा डिसेंबरची वाटणी

स्टेजचा एक पाय शहिदाच्या दगडाला टेकत होता, आणि नेमकी तिथेच गोजराकाकी खुर्ची टाकून बसली होती.

"काकी, ऊठ. केक येतोय," देवजी म्हणाला.

"केक घरी काप. चौकात आज दुखवटा हाय."

बोनकोड्याच्या चौकात हे भांडण दर सोळा डिसेंबरला व्हायचं आणि दर वेळी देवजीच हरायचा. दगडावर काकीच्या नवऱ्याचं नाव होतं. सिताराम, एकाहत्तरच्या लढाईत कामी आला, तारीख सोळा डिसेंबर. म्हणजे लढाई संपली तो दिवस. त्याच दिवशी त्याच घरात त्याचा पुतण्या देवजी जन्मला. गावाला ही जोडी फार आवडायची. काका गेला नि पुतण्या आला, असं म्हणत लोक हळहळायचे आणि चहा घ्यायचे. देवजीच्या वाट्याला मात्र लहानपणापासून या दिवशी पांढरा सदरा आणि अळणी वरण. पुढे तो बिल्डर झाला, गावभर त्याचे बॅनर लागले, पण स्वतःच्या चौकात मेणबत्ती फुंकायला काही मिळाली नाही.

काकीचं गणितही उघड होतं. वर्षभर तिला कोणी विचारत नसे. या एका दिवशी पुढाऱ्यांपासून केबलवाल्यापर्यंत सगळे पाया पडत. असा दिवस कोण वाटून घेईल?

यंदा देवजी तयारीनिशी आला होता. सितारामच्या तुकडीतले गंगाराम त्याने कामोठ्याहून शोधून आणले होते. म्हातारे स्टेजवर सत्काराची शाल सांभाळत बसले होते.

"गंगारामकाका, माइकवर बोला. मला सांगितलं तेच."

ते कचरले. "वहिनींना आधी बाजूला घेऊन विचारलं असतं तर..."

"बोला तुम्ही. टेन्शन नका घेऊ."

"सिताराम सहा तारखेलाच गेला," गंगाराम म्हणाले. "माझ्या शेजारी होता. सोळाला नाही."

पुष्पगुच्छ घेऊन आलेल्यांना ते कुणाला द्यावेत कळेना.

"ऐकलं ना पब्लिक?" देवजी खुर्चीकडे वळला. "जन्मभर माझा बड्डे खाल्ला हिने, खोट्या तारखेवर. काय गो काकी, फौजेची तार इंग्लिशमध्ये होती म्हणून समजली नाय, का मुद्दाम केलंस?"

"मुद्दाम."

देवजीने रडारड गृहीत धरली होती, आरडाओरडा गृहीत धरला होता. हे धरलं नव्हतं.

"मग दगड हलवू?"

"हलव. पन ऐकून हलव." काकी उठली नाही. "तार आली तवा तुजे आयला दिवस भरलेले. तुजी आजी बोलली, मोठे सुनंचे कानावर गेला तं पोर पोटानच मरंल. तिनं तार चुलीत टाकली. मना बोलली, कुकू पुसाचा नाय, रडाचा नाय. मी कपाळभर कुकू लावून तुजे आयचे पाय चेपीत व्हते."

कोणीतरी स्पीकरची पिन काढली.

"सोळाला दुपारचा तू जलमलास. मी दारातच उभी व्हते. तुजा रडना ऐकला तशी आजी भायेर आली, माज्या बांगड्या फोडल्या नि बोलली, आता तू रड."